कलघटगीत गळालेला र

शेषगिरी गलगलींचं नाव ठेवताना बारशाला जमलेल्या बायकांनी जरा घाईच केली, असं त्यांची आत्या शेवटपर्यंत म्हणत असे. शेष म्हणजे ज्याच्या वेटोळ्यांवर साक्षात विष्णू पाय पसरून पडतो तो. आणि ज्याला हे नाव मिळालं त्या गृहस्थानं उभ्या जन्मात कधी धड पाठ टेकली नाही. सातव्या महिन्यातच जगात यायची घाई झालेलं ते मूल पुढंही तसंच राहिलं. धारवाडच्या मालमड्डीत त्यांना सगळे घाईगिरी म्हणत. पाठीमागं म्हणत असं नाही, तोंडावरच म्हणत. पण नाव उच्चारून होईपर्यंत ते तोंड पुढं निघून गेलेलं असे.

तसं बघितलं तर धारवाड हे अशा माणसाला मानवणारं गाव नव्हे. इथं रस्त्यात कुणी भेटलं की "आराम अदीरी?" म्हणून विचारतात. कानडी माणूस विचारतो, मराठी माणूसही तेच विचारतो, कारण आराम दोघांचाही आहे. बरे आहात ना, एवढाच त्याचा अर्थ धरणारा माणूस बाहेरगावचा समजावा. ते कट्ट्यावर बसायचं आमंत्रण असतं. उत्तर देणारा आधी बूड टेकतो, मग घसा साफ करतो आणि मग थोरल्या जावयापासून सुरुवात करतो. शेषगिरी सर मात्र स्कूटर न थांबवता "नंतर" म्हणून जात. हे नंतर कधी उगवलं असं मालमड्डीत कुणालाच आठवत नाही.

कॉलेजात ते फिजिक्स शिकवत. प्रश्न विचारायचे आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन मोकळे व्हायचे. वेळ ते मिनिटांत मोजत. दीड तास हा शब्द त्यांना लोळणाऱ्या माणसाचा वाटे. ते नव्वद मिनिटं म्हणत. लग्नामुंजीत पहिल्या पंगतीला पहिल्या पानावर बसून, मठ्ठा यायच्या आत ते हात धुवायला उठलेले असत. घरी तर विचारूच नका. बायको अनसूया गरम भाकरी वाढून, आपलं ताट घेऊन समोर येईपर्यंत यांची चप्पल जिन्यावर वाजत असे. "लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांना जेवताना मी पाठमोरंच पाहिलंय," असं ती हसत सांगे. ऐकणारेही हसत. रोज एकटीनं जेवण्यात हसण्यासारखं फारसं काही नसतं, हे तिचं तिला माहीत होतं.

घाईच्या माणसाची कामं लवकर संपतात असा एक गोड गैरसमज आहे. शेषगिरी सरांची एकही संपली नव्हती. घराला कंपाउंडची भिंत होती ती तीनच बाजूंनी. तबला शिकले तो तीनतालापाशी थांबला, कारण पुढचे ताल विलंबित होते. जर्मन भाषा, बागकाम, एम.फिल., सगळं अर्ध्यावर. त्यांचे वडील दत्तात्रय मास्तर जाताना म्हणाले होते, "शेषा, एक काहीतरी तडीस ने रे." बोलणं साधंच होतं, पण ते सरांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. निवृत्ती जवळ आली तसा तो काटा जास्तच सलायला लागला, आणि त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं. हे तरी पुरं करायचं.

मार्गदर्शक मिळाल्या त्या डॉ. वेदश्री. एके काळी यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या, तेव्हा गुरूची विद्या गुरूला मिळाली म्हणायला हरकत नाही. त्या यांना सर म्हणत, हे त्यांना मॅडम म्हणत आणि दोघंही थोडे अवघडत. मॅडमनी तीन विषयांचे कागद पुढं ठेवले. सरांनी एकाचं पहिलं पान वाचलं. कॉम्प्युटरच्या नव्या जातीच्या मेमरीत एक धातूमिश्रित काच असते, विजेच्या झटक्यानं ती वितळते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गार होऊन थिजते, असं त्यावर लिहिलं होतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत! सरांना वाटलं, हा विषय आपल्यासाठीच जन्माला आला. दुसरं पान न उलटता त्यांनी सही ठोकली.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की खरा अभ्यास त्यानंतर सुरू होतो.

गोष्ट अशी आहे. धारवाडहून हुबळीला निघालेल्या बसमध्ये लोंढा घुसतो तेव्हा कुणाचा कोपर कुणाच्या बरगडीत, कुणाची पिशवी कुणाच्या डोक्यावर, असं सगळं जसं घुसेल तसं थिजतं. बस चालू लागली की हळूहळू माणसं सावरतात. कोपर निघतो, पिशवी पायाशी जाते, नवलूर येईपर्यंत गर्दी तेवढीच असते पण बसलेली असते. झटक्यात गार केलेल्या काचेचं हेच होतं. तिच्यातले अणू जिथं होते तिथं घाईत अडकतात, आणि मग कुणाला न दिसता सावरत राहतात. जसजसे सावरतात तसतसा त्या काचेचा विजेला होणारा विरोध वाढत जातो. मेमरी तर तो विरोध मोजूनच वाचायची असते. म्हणजे तुम्ही दोन लिहून ठेवलेत आणि काच आपली निवांत सावरत बसली, तर काही महिन्यांनी तिथं तीन वाचला जायचा. मोठमोठ्या कंपन्यांचं डोकं उठवणारं हे सावरणं नेमकं कसं चालतं, ते सरांनी मोजायचं होतं.

त्यातही मेख होती. हे सावरणं सुरुवातीला भराभर होतं आणि मग मंदावत जातं, म्हणून मापं घ्यायची ती दहापटीनं लांबवत. पहिलं माप एका मिनिटानं, मग दहा, मग शंभर, मग हजार. मिनिटांवर एवढं प्रेम करणाऱ्या माणसाला मिनिटांनीच असा इंगा दाखवला. पुढचं माप महिन्यांनी घ्यायचं, आणि तोवर तुकड्यांना कुणी हात लावायचा नाही, ऊन लावायचं नाही, गरम करायचं तर नावच काढायचं नाही. सर मॅडमकडं गेले आणि हे जरा लवकर उरकता येईल का म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, "सर, लवकर उरकतं का हाच तर विषय आहे."

मग प्रयोगशाळेच्या कपाटात एक काळी डबी आली. तिच्यात नखाएवढे चकचकीत तुकडे ओळीनं मांडलेले. डबीवर सरांनी मराठी आणि कानडी दोन्हीत चिठ्ठी चिकटवली: आराम चालू आहे, हात लावू नये. राखणीला प्रयोगशाळेचा सहायक बाळाप्पा होता. बाळाप्पा कलघटगी तालुक्यातला, धीम्या चालीचा, सांगितलेलं काम सांगितलं तसंच करणारा. सांगितलेलं अर्धंच असेल तर उरलेलं अर्धं विचारून घ्यायची त्याला सवय होती. सरांशी बोलताना ही सवय त्याला फार उपयोगी पडे, कारण सर वाक्य सुरू करत आणि क्रियापदाच्या आधी दाराबाहेर पडत.

दर सकाळी सर डबीसमोर जाऊन उभे राहत. आत काय चाललंय ते दिसत नसे, कारण दिसण्यासारखं काही चाललेलं नसे. "ह्यांचा आराम माझ्या जिवावर उठलाय," असं ते अनसूयाबाईंना म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुमच्याजवळ कुणीतरी आराम करतंय हे काय कमी आहे?"

वर्ष असं कसंबसं सरलं. दरम्यान विद्यापीठानं दिलेली मुदतही संपत आली, आणि ती वाढवून मिळायची तर बेंगळूरुहून एक तज्ज्ञ येऊन काम बघून जाणार होते. डॉ. श्रीनिधी त्यांचं नाव. त्यांनी काम पुढं जातंय असं लिहिलं तर एक वर्ष मिळणार, नाहीतर नोंदणी रद्द. म्हणजे तीनतालाच्या आणि तीन भिंतींच्या शेजारी आणखी एक अर्धवट काम जाऊन बसणार. सरांची त्या विचारानंच झोप उडाली. तीही तशी थोडकीच होती म्हणा.

श्रीनिधी चार वाजता यायचे होते. त्याच दिवशी कलघटगीला सरांच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. न जाऊन चालणार नव्हतं, कारण अनसूयाबाई आदल्या दिवशीच जाऊन बसल्या होत्या. सरांनी हिशेब केला: अक्षता टाकायच्या, पहिल्या पंगतीला जेवायचं, निघायचं, वेळ उरतोच. वऱ्हाडात नवरदेवापेक्षा यांचीच लगबग जास्त. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असतं म्हणतात, इथं ते नवरीच्या काकाच्या गुडघ्याला होतं.

आणि जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी सरांच्याही आधी पोचलं. श्रीनिधींची आधीची भेट रद्द झाली म्हणून ते दुपारी बारालाच प्रयोगशाळेत येऊन उभे राहिले. वेदश्री मॅडम विद्यापीठाच्या कार्यालयात, तिथं फोन बंद. बाळाप्पानं साहेबांना खुर्ची दिली, चहा सांगितला, ते तुकडे बघू म्हणाले म्हणून डबी कपाटातून काढून टेबलावर ठेवली, आणि सरांना फोन लावला.

सर पहिल्या पानावर बसलेले. समोर पुरणपोळी, कानाशी फोन, मागं सनई लाउडस्पीकरवर, आणि कलघटगीच्या त्या मंगल कार्यालयात फोनची रेंज यायची-जायची. बाळाप्पा सांगत होता ते तुकड्यातुकड्यानं पोचलं: बेंगळूरुचे साहेब आले आहेत, डबी टेबलावर काढली आहे, काय करू? त्यांना म्हणायचं होतं, त्यांना थांबवून ठेव. कानडीत ते म्हणाले:

"अवर्न काय्सु."

आता कानडीचं असं आहे, की काय्सु म्हणजे वाट बघायला लावणं, आणि काय्सु म्हणजेच तापवणं. दूधही काय्सायचं आणि पाहुणाही काय्सायचा. एवढ्यानं काही बिघडत नाही, पाहुण्याला कुणी चुलीवर ठेवत नाही. पण अवर्न म्हणजे 'त्या गृहस्थांना', आणि त्यातला र म्हणजे आदराचा र. तो र रेंजमध्ये गळाला. बाळाप्पाच्या कानात पडलं ते अवन्न काय्सु, आणि अवन्न म्हणजे 'त्या वस्तूंना'. टेबलावरच्या तुकड्यांना. ध चा मा व्हायला निदान कुणीतरी मुद्दाम लेखणी चालवावी लागते. इथं कुणी काही केलंच नाही, नुसता एक र कलघटगीत सांडला.

दुसरा कुणीही धारवाडकर अशा वेळी 'कुंड्रसु' म्हणाला असता. बसव. चहा पाज आणि बसव. किती साधा शब्द, त्याचा दुसरा अर्थ निघतच नाही. पण सरांच्या शब्दसंग्रहात बसणंच नव्हतं, तर ते येणार कुठून?

बाळाप्पा चपापला. आराम चालू असलेल्यांना तापवायचं? म्हणून त्यानं सवयीप्रमाणं उरलेलं अर्धं विचारून घेतलं: "एष्टु री?" किती?

सरांना वाटलं, किती वेळ थांबवू म्हणतोय. त्यांनी मनात रस्ता मोजला आणि म्हणाले, "तोंबत्तु." नव्वद.

नव्वद म्हटल्यावर बाळाप्पाच्या मनात शंका राहिली नाही. कोपऱ्यातल्या भट्टीवरचा काटा तेवढं सहज दाखवतो, इतक्या नेमक्या आकड्यात कोण चूक करील? त्यानं भट्टीचं बटण दाबलं, काटा नव्वद अंशांवर आणला आणि डबीतले तुकडे एकेक करून चिमट्यानं आत ठेवले. डॉ. श्रीनिधी चहा पीत हे सगळं मोठ्या कुतूहलानं बघत होते.

इकडं सरांनी पुरणपोळीचा दुसरा घास घेतला नाही. अनसूयाबाई तूप घेऊन आल्या तोवर पान तसंच आणि पाट थंड.

वाटेत स्कूटरवर सर मनाशी इंग्रजीत भाषण तयार करत होते. प्रयोगशाळेच्या दारात पोचले तेव्हा ते अगदी तोंडपाठ झालं होतं. पाहुणे खुर्चीत आरामात बसलेले दिसले. मग त्यांना भट्टीचा बारीक घुमण्याचा आवाज ऐकू आला. मग टेबलावर उघडी, रिकामी डबी दिसली, आणि भाषण जे गेलं ते गेलंच. बाळाप्पा पुढं येऊन समाधानानं म्हणाला, "तोंबत्तक्क इट्टेन री." नव्वदवर ठेवलंय.

त्यांनी हातानंच त्याला बटण बंद करायला सांगितलं. बाळाप्पावर ओरडावं असं त्यांना वाटलं, पण फोनवरचे आपलेच दोन शब्द त्यांच्या कानात परत वाजले. वर्षभर डबीवर फुंकरही घालू दिली नव्हती. लग्नात नाही बसले, बायकोजवळ नाही बसले, पण या डबीसाठी आयुष्यात पहिल्यांदा थांबले होते. आणि ते थांबणं दुपारच्या एका फोनात भाजून निघालं होतं. त्यांनी स्टूल ओढलं. शेषगिरी सर बसले, हे बघूनच बाळाप्पाला काहीतरी भयंकर घडल्याचं कळलं.

तेवढ्यात वेदश्री मॅडम आल्या. काय झालं हे त्यांना भट्टी बघूनच समजलं असावं. त्यांनी तुकडे गार होऊ दिले, एकेकाला तारा लावून मोजलं. विरोध मागच्या मापाच्या खूप वर चढून बसला होता. थोड्या वेळानं पुन्हा मोजलं, तर जागचा हललेला नाही. पुन्हा मोजलं, तरी तिथंच. जे तुकडे वर्षभर मुंगीच्या पावलानं का होईना पण रोज सरकत होते, ते आता गप्प होते.

श्रीनिधींनी चष्मा पुसला आणि विचारलं, हे तापवणं योजनेतच होतं का? म्हणजे आधी वर्षभर नुसतं ठेवायचं आणि मग बेतानं तापवून बघायचं, असं ठरवलं होतं? तसं असेल तर काम पुढच्या पायरीवर आलंय असं मला लिहिता येईल.

मॅडमनी सरांकडं बघितलं. हो म्हणा असंही त्यांनी सुचवलं नाही आणि नको म्हणा असंही नाही. पण हो एवढंच म्हटलं की वर्ष मिळत होतं, नोंदणी वाचत होती, मास्तरांच्या शब्दाला जागता येत होतं. कानडीत तर 'हौद' एवढं तोंड उघडलं की झालं. आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर देण्यात ज्याचा हात कुणी धरला नव्हता, तो माणूस त्या दिवशी प्रश्न संपला तरी गप्प बसून राहिला.

त्यांनी बाळाप्पाकडं बघितलं. तो कपबशा हातात धरून उभा होता, आणि सर आता काय सांगतील ते ऐकून तसं करायला तयार होता. सरांनी हो म्हटलं असतं तर त्यानंही जन्मभर हो म्हटलं असतं. हे सरांना कसंसंच वाटलं. पण खरं सांगायचं म्हणजे आणखी एक पंचाईत होती. खरं सांगायचं तर पाहुण्यांना तोंडावर सांगावं लागणार होतं, की मी तुम्हाला ताटकळत ठेवा म्हणून निरोप दिला होता.

शेवटी ते म्हणाले, "योजना नव्हती सर. मी फोनवर अवर्न काय्सु म्हटलं. म्हणजे तुम्हाला. ह्याला ऐकू आलं अवन्न. त्यानं तुकडे काय्सले. चूक माझी. मी जेवता जेवता घाईत बोललो."

मग श्रीनिधी हसायला लागले. हे हसणं साधं नव्हतं. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला, ठसका लागला, बाळाप्पाला पाणी आणावं लागलं. हसण्यातून सवड मिळाल्यावर ते म्हणाले, की या बिचाऱ्यानं तुमचे दोन्ही हुकूम पाळले, मलाही काय्सलं आणि त्यांनाही. मग मात्र ते गंभीर झाले आणि कागद पुढं ओढला. वर्षभराची रेघ इथं तुटली हे खरं, म्हणाले, पण तुटेपर्यंतची शाबूत आहे आणि ती चांगली आहे. गरम केल्यानं अणूंना धक्के बसले, ते लवकर सावरले. बस खड्ड्यांतून गेली की गर्दी नवलूरच्या आधीच बसते तसं. दीडशे अंशांच्या पुढं गेला असतात तर सगळे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत बसले असते, काच मोडून स्फटिक झाला असता आणि सगळंच संपलं असतं. नव्वदवर वाचलात.

"म्हणजे आता काय करायचं?" सरांनी विचारलं.

"आता परत डबीत ठेवा. सध्या गप्प आहेत. पण हे सावरणं कधी संपत नसतं. कधीतरी पुन्हा सरकायला लागतील. कधी लागतात ते पकडा."

"किती दिवसांनी?"

श्रीनिधींनी खांदे उडवले. "ते त्यांना विचारा."

महिनाभरानं विद्यापीठाचं पत्र आलं. एक वर्ष वाढवून दिलं होतं.

ते वर्ष सरांनी कसं काढलं हे मालमड्डीला विचारावं. आधीच्या वर्षी निदान काच सरकत तरी होती. आता मोजायला जावं तर काल होतं तेच आज. काही घडलं नाही हे मोजून लिहायचं, आणि उद्या परत काही घडलं नाही हे मोजायला यायचं. सुरुवातीला ते डबीसमोर येरझाऱ्या घालत. मग केव्हातरी बाळाप्पानं स्टूल सरकवून दिलं आणि ते बसू लागले. बाळाप्पा चहा आणी. एकदा त्यानं आपल्या थोरल्या जावयाची गोष्ट सुरू केली आणि सरांनी ती शेवटपर्यंत ऐकली. जावयाचं पुढं काय झालं हेही त्यांनी विचारलं. बाळाप्पाला वाटलं सरांना ताप भरलाय.

आणि पावसाळा संपता संपता एके सकाळी काटा किंचित वर सरकलेला दिसला. सरांनी पुन्हा मोजलं. मग त्यांनी कुणालाही फोन न करता चार दिवस वाट बघितली, खात्री करून घेतली आणि मग मॅडमच्या दारावर टकटक केली. तुकडे पुन्हा चालू लागले होते. मॅडमना आनंद झालाच, पण सर चार दिवस गप्प राहिले याचंच त्यांना जास्त आश्चर्य वाटलं.

त्या सरकण्यावर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उभं राहिलं. तोंडी परीक्षेला श्रीनिधीच आले. या वेळी कुणी कुणाला काय्सलं नाही. सर डॉक्टर झाले. वडिलांच्या फोटोसमोर प्रबंध ठेवून ते थोडा वेळ तिथंच उभे राहिले. गावानं मात्र आपलं काम घाईनं उरकलं: घाईगिरी हे नाव मोडीत काढून त्यांना डॉक्टर काय्सु म्हणायला सुरुवात केली. कलघटगीच्या मंगल कार्यालयापर्यंत ते नाव पोचलं.

ते बदलले असं काही म्हणवत नाही. स्कूटर अजून तशीच पळते, कंपाउंडला चौथी भिंत अजून नाही. परवा एका मुंजीत ते पुन्हा पहिल्या पानावर दिसले.

पण त्या दिवशी, तोंडी परीक्षेच्या दिवशी, ते घरी आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. समोर एकच ताट होतं. त्यांनी ते बघितलं आणि अनसूयाबाईंना म्हणाले, "तुझंही घे."

बाईंना ऐकू आलं नाही, किंवा ऐकू आलं त्यावर विश्वास बसला नाही. त्या म्हणाल्या, "मी घेते हो मागाहून. तुम्ही उरका."

"नाही," ते म्हणाले. "आधी तुझं घे. मी थांबतो."

बाई कढीलिंबाची काडी हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिल्या. डोळ्यात पाणी आलं ते लपवायला त्या गॅसकडं वळल्या, आणि वळल्या वळल्या त्यांच्या ओठावर हसू फुटलं. पाठमोऱ्याच, अगदी बाळाप्पाच्या सुरात त्या म्हणाल्या:

"सारु काय्सतेनि, स्वल्प काय्री."

सार तापवते, जरा थांबा. दोन्ही अर्थ एका वाक्यात, आणि या खेपेला चूक व्हायला जागा नव्हती. भांडं गॅसवर चढलं. शेषगिरी सर मांडी घालून बसले होते आणि सार तापत होतं.